बटणांचा फोन

मगदूमशेठनी काचेच्या कपाटावर पाच फोन ओळीनं मांडले आणि आमचे मालक त्यांच्याकडं असे बघायला लागले, जसे जत्रेत खोंडांकडं बघायचे. आधी दोन पावलं मागं सरून. मग जवळ येऊन. मग त्यातला एक उचलून त्याच्या पाठीवरनं तळवा फिरवला, कानाशी नेऊन हलवून बघितला, आणि शेवटी बटणांच्या ओळीवर अंगठा टेकवून म्हणाले,

"दात लई बारीक. दुधाचंच हायत अजून."

मगदूमशेठ हसले, आमचे जावई हसले, फोन दुरुस्त करत कोपऱ्यात बसलेला माणूसही हसला. मालकांना तेच हवं होतं. घसा महिनाभरापासनं बसला होता, आवाज फाटक्या पत्र्यासारखा खरखरत यायचा, तरी दुकानाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचायचा. उभा जन्म जनावरांच्या बाजारात दलाली केलेला माणूस. हिंदुराव दलाल म्हटलं की चार तालुक्यांतली माणसं आधी आवाज आठवायची, मग तोंड.

सोमवारी मिरजेच्या दवाखान्यात त्यांचं ऑपरेशन होतं. घशातली गाठ काढायची, आणि गाठीसंगं आवाजाची पेटीपण. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं घोळवत ठेवलं नाही. म्हणाला, "जगतील. पण बोलता येणार नाही."

म्हणून हा फोन. ही कल्पना आमच्या जावयांची, विश्वजितरावांची. आमची वैजू पुण्यात, तिला आठवा महिना लागलेला, ती काय येऊ शकत नव्हती. तेव्हा सुट्टी काढून हे आले. आल्या आल्या त्यांनी सगळं ठरवूनच टाकलं होतं.

"मामा, बोलता नाही आलं म्हणून काय झालं? तुम्ही लिहायचं. पूर्ण कीबोर्ड असलेला स्मार्टफोन घेऊ. मामींना लिहा, वैजूला लिहा, मला लिहा. खिशात पाटी-पेन्सिल असल्यासारखं."

"झकास," मालक म्हणाले.

मी मालकांकडं बघितलं. ते छताच्या पंख्याकडं बघत होते.

आधी शेठनी पाटीसारखा सपाट फोन काढला. ते तेव्हा नुकतेच निघाले होते. मालकांनी त्याच्या काचेवर बोट दाबलं, परत दाबलं, मग शेतातल्या ढेकळावर आपटावं तसं आपटलं. काच ढिम्म. त्यांचं बोट म्हणजे दोरखंडानं घासून घासून चामड्याचं झालेलं.

"ह्याला माझं बोट माणसाचं वाटंना."

"म्हणूनच बटणांचा म्हणतोय मामा," जावई म्हणाले आणि त्यांनी काळा, पसरट, सगळी अक्षरं एकाच वेळी अंगावर घेतलेला फोन त्यांच्या हातात ठेवला. "हा बघा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, सगळे तसंच लिहितात. तुमचं नाव टाकून बघा."

मालकांनी फोन हातावर तोलला. मग खिसे चाचपले.

"चष्मा घरी ऱ्हायला वाटतं. हिला द्या. ही बघंल."

चष्म्याचं घर त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात होतं. त्याची काळी कड मला दिसत होती. जावयांनाही दिसली असती, पण ते मला बटणं दाखवण्यात गुंतले होते. मी एका बोटानं, उकिरड्यातलं दाणं टिपणाऱ्या कोंबडीसारखं, H शोधला, मग I. पुढचं अक्षर सापडेपर्यंत पडद्यावरचा उजेडच गेला.

"मामी, जमतंय की! मामांना तर सहज जमेल. वैजू सांगते, बाबा पेपर वाचल्याशिवाय चहा घेत नाहीत."

"व्हय, त्यो आपला नेमच हाय," मालक म्हणाले, आणि मला ठसका लागला.

"हाच ठेवा," ते शेठना म्हणाले. "दात बारीक हायत खरं, पर पुरं हायत."

मग कंपनीचा प्रश्न निघाला. मालकांचा जुना फोन बैलाच्या पायाखाली गेला होता, कार्डासकट; माझा साधा फोन तेवढा घरात होता. नवं कार्ड घ्यायचं म्हटल्यावर शेठनी तीन रंगांची पाकिटं ठेवली. हिरवं, जांभळं, पिवळं. आमच्या गावाजवळ तिन्ही कंपन्यांचे टॉवर होते. जावयांचं म्हणणं हिरवं घ्यावं, त्यात रोजचे शंभर मेसेज फुकट.

"थांबा पाव्हणं," मालक म्हणाले. "जनावर चालवून बघितल्याबिगर घेऊ नये. शेठ, तिन्हीवनं बोलून बघू द्या."

शेठकडं तिन्ही कंपन्यांची चालू कार्डं होती. त्यांनी एकेक नव्या फोनात घालायचं कबूल केलं आणि दुकानातला दुसरा फोन माझ्या हातात दिला. मालकांनी मला बाहेर रस्त्यावर पाठवलं. बाहेर माणसं भरून नेणारी वडापची जीप उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला, शेजारी केळ्यांचा गाडा. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. फोन वाजला.

"बोल," मालक आतनं म्हणाले.

"काय बोलू?"

"रोज न इचारता बोलतीस की."

"दुधाचं पातेलं झाकलंय का न्हाई ते आठवंना मला."

"घरघर लागलीया हिला," ते आत कुणाला तरी म्हणाले. हिरवं गेलं.

फोन परत वाजला. यावेळी मी सांगितलं की शेजारच्या हौसाबाईला किल्ली दिलीय, पण ती मांजराला आत कोंडणार हे ठरलेलं. "हिरीत बसल्यागत येतीया," ते म्हणाले. पिवळं गेलं.

तिसऱ्यांदा वाजला.

"आता मला जेवायला हाक मार."

"हितं? रस्त्यात?"

"मार की. रोज मारतीस तशी."

आता ही हाक म्हणजे काय, ते सांगते. आमचे मालक संध्याकाळी गोठ्यात बसायचे ते उठायचेच नाहीत. पहिली हाक त्यांना ऐकू यायची नाही, दुसरी ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचे, तिसरीला उठायचे. लग्न झाल्यापासनं रोज माझ्या तीन हाका. मी पदर डोक्यावरनं पुढं ओढला आणि म्हटलं,

"अहो, ऐकलं का? ताट वाढलंय. जेवताय न्हवं?"

जीपमधली माणसं वळून बघायला लागली. फोनमध्ये काहीच आलं नाही. मला वाटलं, कट झाला. मग आवाज आला, पण माझ्याशी नव्हे.

"ह्येच. ह्येच कार्ड द्या."

त्यांनी फोन कानापासनं काढला होता, पण बंद केला नव्हता. आतलं सगळं मला ऐकू येत होतं. जावई म्हणत होते, "मामा, ह्यात प्रत्येक मेसेजला पैसे पडतात. आवाज क्लिअर आहे, मान्य. पण तुम्हाला आता आवाजाचा काय…"

वाक्य तिथंच थांबलं. नुसता पंख्याचा कुरकुर आवाज आला. मग मालक, अगदी सौदा मिटवताना बोलतात तसे सावकाश म्हणाले,

"पाव्हणं, आवाज माझा जाणार हाय. हिचा न्हाई."

मी फोन कानाला धरून तशीच उभी.

"ताई, लागंना व्हय फोन?" केळेवाल्यानं विचारलं.

"लागला की," मी म्हटलं.

कार्ड जावयांच्याच नावावर घ्यायचं ठरलं. ते फोटो आणि कागदांची झेरॉक्स काढायला गेले आणि आम्ही दोघं समोरच्या रसवंतीत जाऊन बसलो. मालकांना रस गिळताना त्रास व्हायचा, तरी त्यांनी एक फुल मागवला आणि नुसता धरून ठेवला. चरकाचे घुंगरू वाजत होते. मी आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हटलं,

"अहो, सांगून टाका पाव्हण्यांना."

"काय?"

"तुम्हाला वाचायला येत न्हाई म्हणून."

हे वाक्य आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. रोज सकाळी पेपर यायचा, मालक चष्मा लावून तो उभा धरायचे, आणि मी त्यांच्या मागनं चहा आणता आणता म्हणायचे, "अगं बया, धरणातनं पाणी सोडलं की!" ते म्हणायचे, "व्हय, तेच बघतोय." चहा संपेपर्यंत मी अशी सगळी बातमी सांगत फिरायचे. वैजू त्याच घरात वाढली, पण तिला कधी कळलं नाही. मी स्वतः चौथीतनं उठलेली. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर आणि नंतर वैजूच्या पुस्तकांतनं शिकले. मालकांनाही शिकवायला बसले होते एकदा, लग्नानंतर. त्यांनी पाटी बाजूला सारली. म्हणाले, "माझ्या वाट्याची अक्षरं तूच खा."

आकडे मात्र त्यांना येत होते. आकड्यावरच त्यांचं पोट होतं.

"जावयाला सांगू?" त्यांनी ग्लास खाली ठेवला. "बाप रोज पेपर वाचतोय म्हणून वैजूनं सासरी सांगितलंय, ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय."

"मग."

"मग सोमवारनंतर तुम्ही बोलणार कसं?"

"तू हायस की."

"मी हाय. पर मला काय कळणार तुमच्या मनातलं?"

"आजवर कळलं न्हाई?"

"आजवर तुम्ही सांगत हुता."

मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी माझ्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली माझी बोटं धरली. भर रसवंतीत. मी हात ओढला, त्यांनी सोडला नाही. एक बोट दाबलं, मग तीन एकदम, मग तळव्यावर अंगठा टेकवला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि दलाल असे रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबतात आणि भाव फिरतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"भाव सांगितला."

"कशाचा?"

"कशाचा न्हाई. ह्या बोलीत नुसता भावच सांगता येतोय." त्यांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला. "दुसरं काय ह्यात न्हाईच."

तेवढ्यात झेरॉक्स घेऊन जावई आले. "मामा, रस संपवला नाही?" म्हणाले. मीच तो ग्लास उचलला आणि पिऊन टाकला.

रविवारी दवाखान्यात भरती झालो. जावई औषधं आणायला गेले की मी उशीखालचा फोन काढायचे. एका दिवसात किती शिकवणार? पण हातावर हात ठेवून तरी कसं बसायचं! मी म्हटलं, अक्षराचं नाव नको, चित्र बघा. मग त्यांना जरा हुरूप आला. O म्हणजे घुंगरू. Y म्हणजे बेचकी. U म्हणजे बैलाचा नाल. दुपारपर्यंत एवढी तीन पाठ झाली.

"घुंगरू, बेचकी, नाल," ते खरखरत म्हणाले. "ह्यातनं काय सांगू तुला? बैल हरवला म्हणून?"

आणि बटण दाबायला गेले की अंगठ्याखाली तीन-तीन अक्षरं एकदम. "अगं, ह्यो खूर हाय. ह्यो पेटीवर ठेवून भजन वाजतंय व्हय?" म्हणाले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसून हसून खोकायला लागला, तेव्हा नर्स येऊन मलाच रागावली. मी फोन पिशवीत ठेवला.

सोमवारी सकाळी त्यांना हिरवा अंगरखा घातला. नेताना ढकलगाडी दारात जरा थांबली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. मी जवळ गेले, वाकले.

"फोन नीट ठेव," ते म्हणाले. "म्हाग हाय."

गाडी गेली. तेवढंच.

नंतर गळ्याला भोक होतं, त्यावर पांढरं फडकं, आणि त्यातनं शीळ घातल्यासारखा श्वास. जावई पुण्याला गेले आणि दुसऱ्याच दिवशी फोनवर अक्षरं उमटली. मालकांनी चष्मा लावला, फोन पेपरासारखा उभा धरला, बराच वेळ बघितला, मान हलवली आणि माझ्याकडं दिला. 'KASE AHAT BABA.' वैजू होती. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी हात हवेत आडवा हलवला, म्हणजे ठीक. मी लिहिलं, 'BARA AHE. TU JAP.' पाठवायच्या आधी त्यांना दाखवलं. त्यांनी परत मान हलवली. ते मेसेज वैजूनं अजून जपून ठेवलेत. बाबा किती मोजकं आणि नेमकं लिहायचे, म्हणते. मी हूं म्हणते.

घरी आल्यावर चार महिने ते गोठ्यातच बसून राहिले. मी तीन हाका मारायचे. आता पहिल्याच हाकेला उठायचे, आणि मला ते बघवायचं नाही.

मग खरसुंडीची जत्रा आली. कोण काय म्हणतंय न बघता त्यांनी पटका बांधला, फोन खिशात टाकला आणि गेले. दुपारी माझा फोन वाजला. त्यांचंच नाव. मी "हॅलो" म्हटलं आणि माझ्या लक्षात आलं, की हे बोलणार नाहीत आणि मी विचारलं तरी ह्यांना सांगता येणार नाही. तिकडनं बैलांच्या घंटा, माणसांचा कालवा आणि जवळ ती शीळ.

"पोचलात का?" मी आपलं विचारलं.

टुई.

त्यांनी कुठलं तरी बटण दाबलं होतं. मी दचकलेच.

"चुकून दाबलं का?"

टुई. टुई.

दोन. मला कळायला जरा वेळ लागला. मग मी चुलीपुढं मटकन बसले आणि विचारतच सुटले. ऊन लई हाय का? एक. कुणी वळखीचं भेटलं का? एक. भेटल्यावर त्यांनी तोंड फिरवलं का? दोन. गळ्याचं फडकं बदललं का? थोडा वेळ काही नाही, मग चोरासारखं बारीक, दोन.

गावातली माणसं परत आल्यावर सांगायची, हिंदुराव टॉवेलाखाली फोन धरून बसला होता, भाव करत होता जणू. कुणाशी करतोय ते काय कळलं नाही.

असं आमचं तीन वर्षं चाललं. विचारायचं मी, दाबायचं त्यांनी. एक म्हणजे व्हय, दोन म्हणजे न्हाई. वाद झाला की ते दोन-दोन-दोन दाबत बसायचे आणि मीच फोन ठेवायचे.

तिसऱ्या वर्षी तपासणीला मिरजेला जायचं होतं. वैजू पोरीला घेऊन माहेरी आली होती आणि पोरगी तापानं फणफणली होती. मी म्हटलं, दोन दिवसांनी जाऊ. त्यांनी हात आडवा हलवला आणि एकटेच एसटीत बसले.

दुपार टळल्यावर फोन आला. मी पोरीला मांडीवर घेऊन बसले होते.

"डॉक्टर भेटलं?"

टुई.

"तपासलं?"

टुई.

"बरं हाय म्हणालं न्हवं?"

काही नाही. रस्त्यावरनं गाड्या जात होत्या. शीळ येत होती.

"अहो, बरं हाय न्हवं?"

काही नाही.

"वाईट हाय का काय?"

त्यावरही काही नाही. फोन कट झाला नव्हता. श्वास येत होता, एकसारखा. त्यांच्यापाशी दोनच शब्द होते, आणि दोन्हीतला एकही ते दाबत नव्हते. म्हणजे गाठीचा तो बरोबर प्रश्न मीच विचारायचा होता, आणि तो माझ्या जिभेवर येऊन बसलाही होता. पण तो विचारला तर ते उत्तर देतील, हेही मला ठाऊक होतं. वैजू आतनं "काय म्हणतात बाबा?" म्हणून ओरडली. मी तिला हातानंच थांब म्हटलं. तिकडं ते बोट बटणावर ठेवून थांबलेले. इकडं मी.

"जेवलात का?" मी विचारलं.

टुई. टुई.

"मग या. ताट वाढून ठेवते."

टुई.

यावेळी बोट त्यांनी लवकर उचललं नाही.